म्हातारी गाय

दिवाळीत मिरजेला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. ताई पण आली होती सांगलीहून, सोबत तिचा चार वर्षांचा चिकू, आणि चिकूसोबत त्याचा तो पियानो. पियानो म्हणजे काय, हातभर पण नाही, निळं प्लॅस्टिक, आठ पट्ट्या आणि वर पाच प्राण्यांची गोल बटणं. गाय, कोंबडा, कुत्रा, बेडूक, आणि पाचवं जनावर नक्की कोण आहे यावर घरात अजून एकमत नाही (चिकू म्हणतो उंट, मी म्हणतो मेंढी, आवाज ऐकला तर दोघंही चूक). पहाटे अभ्यंगस्नानापासून हंबरणं सुरू व्हायचं ते रात्री झोपेपर्यंत. तिसऱ्या दिवशी सेल उतरायला लागले. आधी गाय जराशी बसल्या घशानं ओरडली, मग आवाज लांबत गेला, खोल खोल जात, मधेच थरथरत, आणि शेवटी शेवटी तर गोठ्याच्या पार मागच्या अंधारातनं कुणीतरी कण्हतंय असं वाटायला लागलं. चिकू ना हसला ना घाबरला. परत परत बटण दाबून ऐकत बसला आणि म्हणाला, "मामा, गाय म्हातारी झाली."

सगळे हसले, मी पण हसलो. आणि शहाण्या मामासारखा उठून कोपऱ्यावरच्या दुकानातनं तीन पेन्सिल सेल घेऊन आलो, घातले, गाय परत टुणटुणीत. चिकूनं बटण एकदा दाबलं, दोनदा दाबलं, माझ्याकडे बघितलं.

"म्हातारी कुठं गेली?"

"गेली," म्हणालो मी. म्हणजे तोंडातनं निघून गेलं, आणि आपण काय बोललो ते नंतर कळलं. त्यानं पियानो दिवाणाखाली सरकवला आणि आकाशकंदिलाच्या रिकाम्या खोक्याशी खेळायला निघून गेला. मी तिथंच चिवड्याची वाटी घेऊन बसलेलो, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. कारण खरं सांगायचं तर मला पण म्हातारीच जास्त आवडली होती.

निघताना ताईला म्हटलं हा पियानो नेऊ का पुण्याला, तर ती म्हणाली, "ने की, कायमचाच ने बाबा."

असल्या प्रकाराला सर्किट बेंडिंग म्हणतात हे मला कॉलेजला असल्यापासून माहीत होतं. सेलवर चालणारी खेळणी उघडायची, आतल्या सर्किटमध्ये जिथं वायर जायला नको तिथं वायर लावायची, आणि जो आवाज बनवणाऱ्यानं कधी ठरवलाच नव्हता तो बाहेर काढायचा. वाचलं होतं, व्हिडिओ बघितले होते, कधी केलं नव्हतं. ज्यानं याला हे नाव दिलं तो रीड गझाला अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. १९६६-६७ च्या सुमाराला शाळकरी पोरगा असताना त्यानं मागचं झाकण काढलेला एक छोटा ॲम्प्लिफायर टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर बंद केला. आतल्या कुठल्यातरी धातूला सर्किट टेकलं, शॉर्ट झालं, आणि बंद ड्रॉवरमधनं सिंथेसायझरसारखे आवाज यायला लागले. मला यातला शॉर्ट वगैरे फारसा ग्रेट वाटत नाही, शॉर्ट आमच्या घरात रोज व्हायचे. मला तो पोरगा पटकन ड्रॉवर उघडून स्विच बंद करत नाही, आधी ऐकतो, हे भारी वाटतं. आणि मग त्याच्या डोक्यात येतं की चुकून लागलेल्या शॉर्टनं एवढं होत असेल तर मुद्दाम लावला तर काय होईल. सर्किट बेंडिंग हे नाव त्यानं १९९२ मध्ये एका मासिकातल्या आपल्या लेखांमध्ये वापरलं, म्हणजे पंचवीस वर्षं माणूस बिननावाचं काम करत होता. आमच्याकडे नाव आधीपासून होतं. उचापत्या.

"नसत्या उचापत्या करू नकोस" हे वाक्य मी लहानपणी जितक्या वेळा ऐकलं असेल तितक्या वेळा माझं स्वतःचं नाव पण ऐकलं नसेल. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओ रिपेअरिंगचं दुकान होतं, मिरजेतच. दुकान कसलं, बोळात एक टपरीवजा खोली, भिंतीला उघडेबोडके रेडिओ, त्यांच्यावर गिऱ्हाइकाच्या नावाच्या चिठ्ठ्या, आणि सोल्डरच्या धुराचा तो वास, राळेचा, गोडसर पण घशात बसणारा. अजून कुठं तो वास आला की मला आधी भूक लागते, कारण शाळेतनं आलो की दुकानातच डबा खायचो. अण्णांचं सगळं आयुष्य एका शब्दाच्या मागं गेलं, खरखर. लोक रेडिओ काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, खरखर येतीय. अण्णा कान लावायचे, मागनं बोटानं टकटक करायचे, व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये स्पिरिटचा थेंब सोडून दांडी दहा वेळा गरगरा फिरवायचे, खरखर गायब. आणि व्हॉल्यूम कंट्रोल नसेल तर मग ड्राय सोल्डर. ड्राय सोल्डर म्हणजे दिसायला जोडलेलं पण आतनं न जोडलेलं. कथील वर चढलेलं असतं पण नीट वितळून धरलेलं नसतं, त्यामुळं रेडिओ मनात आलं तर वाजतो नाहीतर नाही, धक्का दिला की परत वाजतो. अण्णा म्हणायचे निम्मा धंदा दुसऱ्याच्या ड्राय सोल्डरवर चालतो.

एकदा, सातवीत असेन, ते जेवायला गेल्यावर मी एका उघड्या ट्रान्झिस्टरच्या मागं बोट लावलं. सांगली केंद्रावर शेतकऱ्यांसाठी काहीतरी चाललं होतं. बोट लावल्याबरोबर निवेदकाच्या मागनं एक बारीक शिट्टी उठली. बोट दाबलं की शिट्टी वर, सैल केलं की खाली. बोट ओलं केलं तर शिट्टीची गुरगुर झाली. मला घाम फुटला होता पण हात काढवेना, म्हणजे माझ्या अंगातनं आवाज जातोय असं वाटत होतं, आणि ते खरंच तसंच असतं हे नंतर कळलं, आपलं शरीर म्हणजे सर्किटला एक रेझिस्टन्सच, ओलं झालं की कमी होणारा. तेवढ्यात अण्णा आले. कानाखाली जी बसली ती ट्रान्झिस्टरच्या शिट्टीपेक्षा जास्त वेळ वाजली. त्यांचंही चुकीचं नव्हतं. तो सेलवरचा होता म्हणून ठीक, पण त्याच टेबलावर दोन फूट पलीकडे व्हॉल्व्हचा जुना रेडिओ उघडा पडलेला, त्याच्या आत दोन-अडीचशे व्होल्ट, आणि पोरगं बोट चाटून सर्किटला लावतंय. त्यांनी नंतर शेवेची पुडी आणून दिली पण त्या शिट्टीबद्दल कधी विचारलं नाही. (हे वाचून कुणाला हुक्की आली तर फक्त सेलवरचंच खेळणं उघडा. प्लगवालं काहीही, मोबाइलच्या चार्जरसकट, हात लावायचा नाही. अण्णांच्या वतीनं सांगतोय.)

पुढं वाचलं तर कळलं की अशा बोट लावण्याचं ॲमस्टरडॅममध्ये रीतसर वाद्यच बनवलंय. मिखेल वायसविश नावाचा माणूस, स्टाइम नावाच्या स्टुडिओत, सत्तरच्या दशकात. क्राकडोस म्हणतात त्याला, लाकडाची छोटी पेटी, आत एकच ऑप-ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, नऊ व्होल्टचा सेल, स्पीकर, आणि वर सहा धातूचे पत्रे. पट्टी नाही, स्वर नाहीत, बटण नाही. पत्र्यांवर बोटं ठेवायची, बोटांमधनं सर्किट पुरं होतं आणि पेटी किंचाळते, कुरकुरते, पादते. अशा सुमारे चार हजार पेट्या विकल्या गेल्या म्हणे. मला हे वाचून आनंद व्हायला पाहिजे होता पण आधी थोडा रागच आला, की तिकडं या गोष्टीचं वाद्य होतं आणि आमच्याकडे कानाखाली. मग वाटलं अण्णांच्या दुकानात वीज बिल पण अण्णाच भरत होते.

असो. पियानो.

पुण्यात आल्यावर शनिवारी रात्री तो उघडला. सहा स्क्रू, त्यातला एक गायीच्या स्टिकरखाली लपवलेला. आत बघितलं तर काहीच नाही. एवढा गोंगाट करणारी वस्तू आणि आत तळहाताएवढा बोर्ड, स्पीकरच्या दोन वायरी, सेलच्या दोन वायरी आणि मधोमध काळा चिकट ठिपका, मोठ्या डांबराच्या थेंबासारखा. चिप त्या थेंबाखाली गाडलेली असते, नंबर नाही, पाय नाहीत, काही कळायला मार्ग नाही. गाय त्या थेंबात राहते. पण थेंबाच्या शेजारी एक चिमुकला रेझिस्टर होता आणि बेंडिंगवाले सगळ्यात आधी त्याच्याच मागं लागतात, कारण बहुतेक खेळण्यांमध्ये चिपचा वेग असल्याच एका रेझिस्टरवर ठरतो. चिप आवाज साठवलेले आकडे एकामागनं एक वाचत जाते. रेझिस्टन्स वाढवला की सावकाश वाचते, आवाज लांब आणि खोल होतो, कमी केला की भराभर वाचते आणि गायीचं डास होतं. दिवाळीत उतरलेल्या सेलनं नेमकं हेच केलं होतं, व्होल्टेज पडलं आणि चिपचा ठेका मंदावला. मी तो रेझिस्टर काढला, त्याच्या जागी तपकीर गल्लीतनं आणलेला एक मेगाओमचा व्हॉल्यूम कंट्रोल लावला, सोबत एक छोटा रेझिस्टर, म्हणजे दांडी पार टोकाला गेली तरी शून्य व्हायला नको. माझा हात थरथरत होता. अण्णांच्या घरात जन्मून मला सोल्डर करता येत नाही ही लाज मी कंपनीत कुणाला सांगितलेली नाही.

दांडी फिरवली आणि म्हातारी परत आली.

रात्रीचा एक वाजलेला. मी एकटा किचनच्या ओट्याशी, आणि गाय हळूहळू म्हातारी होतीय. अजून फिरवलं. एका हद्दीनंतर ती गाय राहत नाही. आवाजाचे दाणे सुटे व्हायला लागतात, तांदूळ निवडताना ताटात पडतात तसे टक टक टक, आणि त्या टकटकीच्या मधल्या जागेत काहीतरी श्वासासारखं. तिथं थांबलो. मग एका वायरीची दोन्ही टोकं, बॅटरीला न लावता, बोर्डावर कुठंकुठं टेकवत गेलो, थेंबाभोवतीच्या ठिपक्यांवर. बऱ्याच जागी काहीच होत नाही, हे कुणी सांगत नाही, व्हिडिओत कापून टाकतात ते. तास-दीड तास काही नाही, एखादा खट आवाज, एकदा सगळं बंद पडून परत चालू. आणि मग एका जागी कोंबड्याच्या आरवण्यात बेडूक शिरला. दोघांचे तुकडे होऊन एकमेकांत अडकले आणि थांबेचनात, सेल काढेपर्यंत चालू होते. मला पहाटे तीन वाजता एकट्याला एवढं हसू फुटलं की शेजाऱ्यांनी काय समजलं असेल देव जाणे.

पुढचे दोन महिने मी बिघडलो. दर रविवारी जुन्या बाजारात जाऊन बोलणारी खेळणी शोधायची, टॅक्सी, पोपट, इंग्रजी मुळाक्षरं म्हणणारी पुस्तकं. ज्याच्यावर तिकडचे लोक जीव टाकतात ते स्पीक अँड स्पेल काही मिळालं नाही, ते १९७८ चं अमेरिकन खेळणं, मुलांना स्पेलिंग शिकवणारं. ते का आवडतं हे वाचल्यावर मात्र पटलं. त्यात माणसाचा आवाज टेपसारखा साठवलेला नसतो, त्यात साठवलेल्या असतात घशाला दिलेल्या सूचना, म्हणजे आता स्वर इतका उंच, आता तोंडाचा आकार असा. वायर भलतीकडे लावली की सूचना सरमिसळ होतात आणि घसा असे शब्द बोलतो जे कुठल्याच भाषेत नाहीत पण बोलण्याची ढब मात्र तंतोतंत माणसाची. ताप डोक्यात गेल्यावर माणूस बडबडतो तसं. गझालानं याचंच एक वाद्य बनवलं, इन्कँटर, मंत्र म्हणणारं.

पण सगळंच काही भारी नाही यातलं. खरं सांगायचं तर या नावाखाली जे रेकॉर्ड होतं त्यातलं बरंचसं मला दहा मिनिटांच्या वर ऐकवत नाही. चाळीस मिनिटं नुसतं किर्रर्र, आणि खाली शंभर जण वा वा करतायत. वाजवणाऱ्याला मजा येते म्हणून ऐकणाऱ्याला येईल असं नाही, हे पत्त्यांच्या क्लबसारखं आहे, खेळणाऱ्यानंच बसावं. आणि दुसरं म्हणजे खेळणी मरतात. जुन्या बाजारातनं आणलेला एक पोपट मी मारला. त्यानं आपण बोललेलं परत बोलून दाखवायचं असतं. उघडायच्या आधी मी सहज चालू केला तर आधीच्या घरातलं काहीतरी अजून त्याच्यात होतं, एका लहान मुलीचा अर्धा शब्द, "आई बघ ना..." आणि पुढं तुटलेलं. अंगावर काटा आला. ते जपून ठेवायला पाहिजे होतं, मोबाइलवर रेकॉर्ड करायला दोन सेकंद लागली असती. पण मी उत्साहात वायर लावली, सेलच्या प्लसकडनं आली होती ती, एक टिचभर धूर, पोपट गप्प. तो धुराचा वास राळेचा नव्हता. तो पोपट अजून कपाटावर आहे, टाकवत नाही.

त्या पोपटानंतर आठवडाभर मी सोल्डरिंग आयर्नला हात लावला नाही. त्याच दिवसांत कधीतरी मला सतारमेकर गल्ली आठवायला लागली. मिरजेत वाढलेल्या माणसाला तंबोरा म्हणजे काही विशेष नसतं, सायकलवर भोपळे बांधून नेणारा माणूस बघत आपण शाळेत जातो. अण्णांच्या दुकानापासून गल्ली दहा मिनिटांवर. तिथं एक चाचा जवारी काढत बसलेले असायचे, आणि मी डबा खाऊन झाला की तिकडं जाऊन उभा राहायचो. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायची, परत कानस, परत छेडायची. कधी कधी दुपारभर एकाच घोडीवर. तार नुसती ताणली तर आवाज स्वच्छ येतो, टंग, आणि संपतो. त्या स्वच्छ आवाजाची तंबोऱ्यात काही किंमत नाही. चाचा तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचे, केसभर इकडं, केसभर तिकडं, आणि अचानक तार गुंजायला लागायची, तिच्यातनं तिचेच दहा आवाज सुटे होऊन खोलीभर पसरायचे. म्हणजे तार घोडीला नीट सुटी ठेवायची नाही, किंचित घासू द्यायची, घासण्यातनंच ते येतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की दहा मिनिटं अलीकडे माझा बाप दिवसभर खरखर काढतोय आणि दहा मिनिटं पलीकडे हे चाचा दिवसभर खरखर घालतायत. दोघांचेही कान सारखेच टवकारलेले, दोघंही सारखेच वैतागलेले. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. कुणाचातरी मोडका तंबोरा दुरुस्त करायला घेतला आणि त्यातनं वाद्यं बनवायला लागले, याला आता दीडशेच्या वर वर्षं झाली. पहिल्यांदा तो तंबोरा हातात घेतला तेव्हा त्यांच्या घरी पण कुणीतरी म्हणालं असणार, तलवारी सोडून या काय उचापत्या.

मे महिन्यात पियानो घेऊन मिरजेला गेलो. तोपर्यंत त्याला दोन दांड्या, चार स्विच, हाताची सावली पडली की आवाज बदलणारा एक एलडीआर, आणि चिकूच्या बोटांसाठी दोन पितळी ड्रॉइंग पिना, एवढं झालं होतं. चिकूला आधी आठवेचना, मग दांडी फिरवून दाखवली तर ओरडला, म्हातारी! अर्ध्या तासात माझ्यापेक्षा तयार झाला. मला वाटलं होतं त्याला गायच आवडेल, पण तो अडकला बेडकात. तिसऱ्या स्विचला बेडूक पेंगायचा, म्हणजे ड्रा... ड्राव... आणि गप्प, आणि पियानोला टपली मारली की दचकून पुढचं ओरडायचा. चिकू कान लावून वाट बघायचा, टपली मारायचा, बेडूक जागा, चिकू लोळून हसतोय. हे कसं होतंय ते मला पण माहीत नव्हतं, मी तसं काही लावलंच नव्हतं, पण श्रेय घेऊन टाकलं.

अण्णा झोपाळ्यावर बसून बघत होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, मशीन लावतात कानात, ते मशीन पण अधनंमधनं शिट्टी मारतं. ते काहीच बोलले नाहीत. दुपारी मी झोपलो. उठलो तर घरात तो वास. राळेचा. अण्णा पडवीत जुना चष्मा लावून बसलेले, पियानो उघडा, हातात त्यांचं ते मूठ जळालेलं सोल्डरिंग आयर्न.

"काय करायलाय अण्णा?"

"हे असलं सोल्डर करतात व्हय रे? तिसऱ्या स्विचला सगळं ड्राय. हलवलं की तुटतंय. मुलाचं खेळणं आहे, नीट करून द्यायचं की." मग बोर्ड उन्हाकडे धरून दाखवला. माझे सगळे जॉइंट त्यांनी नव्यानं केले होते, मोजून तेवीस, एकेक मोत्यासारखा चकचकीत. कशाला लावलंय, का लावलंय, एक प्रश्न नाही. एकही वायर त्यांनी काढली नव्हती. माझ्या सगळ्या उचापत्या जिथल्या तिथं, फक्त पक्क्या.

बेडूक आता पेंगत नाही. तिसरा स्विच टाकला की खणखणीत ड्राव ड्राव ड्राव. चिकूनं टपल्या मारून बघितल्या, माझ्याकडे बघितलं. या वेळी मी म्हणालो थांब, रात्री बघतो.

रात्री अण्णा झोपल्यावर पडवीत बसलोय. तिसऱ्या स्विचची वायर काढली आणि मुद्दाम वाईट सोल्डर करायचा प्रयत्न चाललाय. आयर्न नीट तापू दिलं नाही, हात हलवला, कथील गार होताना फुंकर मारली. तीनदा केलं आणि तीनही वेळा जॉइंट चांगला झाला. आयर्न अण्णांचं आहे म्हणून की काय. आतनं खोकल्याचा आवाज आला, मी दिवा मालवला आणि आयर्न तसंच हातात धरून थांबलो.